चौथी बाजू: घरगुती पोहण्याच्या तलावांचे कुंपण आणि सुरक्षेचे नियम

घरगुती पोहण्याच्या तलावाला तीन बाजूंनी कुंपण बहुतेक असतेच. ते कंपाउंडचे कुंपण असते: शेजाऱ्याची भिंत, मागच्या गल्लीकडची जाळी, बाजूचा लाकडी आडोसा. चोर, भटकी कुत्री आणि परक्या घरची मुले आत येऊ नयेत म्हणून ते घातलेले असते. चौथी बाजू घराची. स्वयंपाकघराचे मागचे दार, दिवाणखान्याचा सरकता काचेचा दरवाजा किंवा पडवीच्या दोन-तीन पायऱ्या सरळ पाण्यापाशी येतात. पाच वर्षांखालची मुले घरच्या तलावात बुडतात ती बहुतेक वेळा याच बाजूने येऊन. गेल्या पन्नास वर्षांत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका आणि फ्रान्समध्ये जे कायदे झाले, त्यांतला सगळ्यात मोठा वाद ही चौथी बाजू बंद करायला लावायची की नाही, हाच होता.

अपघात नेमका कसा घडतो हे आधी पाहायला हवे, कारण त्याविषयीची सर्वसाधारण समजूत चुकीची आहे. मूल पोहायला उतरते, खोल पाण्यात जाते, ओरडते आणि कुणाचे लक्ष नसते, असे चित्र डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९८०च्या दशकात ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या तीन राज्यांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या अपघातांचा तपशील गोळा केला. त्यातून वेगळेच चित्र निघाले. जवळजवळ निम्मी मुले शेवटची दिसली होती ती घरात. ६९ टक्के मुले त्या वेळी तलावाजवळ असतील असे घरच्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. ७७ टक्के मुले नजरेआड होऊन पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ झाला होता. ६५ टक्के अपघात मुलाच्या स्वतःच्या घरच्या तलावात, आणखी ३३ टक्के नातेवाइकांच्या वा मित्रांच्या तलावात घडले होते. परक्याच्या आवारात घुसून बुडालेली मुले दोन टक्क्यांहूनही कमी होती. घरात बहुतेक वेळा आई-वडिलांपैकी एक जण किंवा दोघेही होते. निष्काळजी पालक हा शब्द अशा बातम्यांत सहज वापरला जातो. या आकड्यांपुढे तो अन्यायाचा ठरतो. दूध उतू जाणे, दारावरची बेल, धाकट्याचे रडणे, एवढ्याने पाच मिनिटे जातात.

मुलाच्या शरीराची ठेवणही अपघाताला हातभार लावते. चालायला लागलेल्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. काठावरून वाकून पाण्यातला चेंडू घ्यायला गेले की तोल पुढे जातो आणि मूल डोक्यावर पाण्यात पडते. इतक्या लहान वयात उलटे होऊन काठ धरणे जमत नाही. तोंड पाण्याखाली असल्याने हाक मारता येत नाही. पाणी उडण्याचा आवाजही घरात पोचेल इतका होत नाही. शुद्ध काही मिनिटांतच हरपते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. वाचलेल्या मुलांपैकी काहींना आयुष्यभराचे अपंगत्व येते, ही बाजू मृत्यूंच्या आकड्यांमागे झाकली जाते.

म्हणून प्रश्न असा उभा राहिला, की माणसाचे लक्ष ढळणार हे गृहीत धरून त्या पाच मिनिटांत मुलाला अडवणारे काय असू शकते?

या प्रश्नाचा सर्वाधिक पाठपुरावा ऑस्ट्रेलियात झाला. उबदार हवा, मोठी परसदारे आणि तयार फायबरग्लासचे स्वस्त होत गेलेले तलाव यांमुळे तिथल्या उपनगरांत १९६० आणि १९७०च्या दशकांत घरोघरी पोहण्याचे तलाव झाले. ब्रिस्बेनमध्ये जॉन पर्न आणि जेम्स निक्सन यांनी १९७०च्या दशकातच बुडालेल्या आणि बुडता बुडता वाचलेल्या मुलांचा शिस्तशीर अभ्यास सुरू केला आणि घरगुती तलाव हा लहान मुलांच्या बुडण्यातला मोठा धोका असल्याचे दाखवून दिले. तरीही राज्य पातळीवरचे कायदे यायला बराच काळ गेला. स्वतःच्या आवारात काय बांधायचे हे सरकारने सांगू नये, काचेच्या दारातून दिसणाऱ्या निळ्या पाण्याची शोभा कुंपणाने जाते, आणि मुलांवर लक्ष ठेवणे हे आई-वडिलांचे काम आहे, असे तीन आक्षेप पुन्हा पुन्हा घेतले गेले. तिसरा आक्षेप ऐकायला सर्वांत रास्त वाटतो. प्रत्यक्षात तोच सर्वांत कच्चा आहे. जिन्याला कठडा लावताना किंवा गच्चीला भिंत बांधताना तो कुणी घेत नाही.

१९९१ साली पिट आणि बलांडा यांचा ब्रिस्बेनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. कुंपण असलेल्या तलावांच्या तुलनेत बिनकुंपणाच्या तलावांत बुडण्याचा किंवा बुडता बुडता वाचण्याचा धोका ३.७६ पट असल्याचे त्यात आढळले. ज्या तलावांना कुंपण असूनही मूल आत गेले, तिथे कुंपण सदोष होते किंवा फाटक काहीतरी अडकवून उघडे ठेवलेले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या २००३च्या अभ्यासाने तीन बाजूंचे आणि चार बाजूंचे कुंपण थेट ताडून पाहिले. घराची बाजू मोकळी असलेल्या तलावांत बुडण्याचे प्रमाण सुमारे पावणेदोनपट निघाले. अमेरिकेतले थॉम्पसन आणि रिवारा यांनी अशा तीन अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तलावाला चहूबाजूंनी वेगळे पाडणारे कुंपण असले, तर नुसत्या कंपाउंडच्या कुंपणाच्या तुलनेत धोका सुमारे एक-षष्ठांशावर येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे अभ्यास प्रयोगाचे नव्हेत, घडून गेलेल्या अपघातांच्या तुलनेचे आहेत. चारही बाजूंनी कुंपण घालणारे कुटुंब मुळातच जास्त सावध असेल, ही शंका त्यांत उरते. पण वेगवेगळ्या शहरांतून आलेले आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि अपघाताचा मार्ग घरातून पाण्याकडे जातो या निरीक्षणाशी ते जुळतात.

न्यू साउथ वेल्समध्ये १९९० साली घरगुती तलावांचा कायदा आला आणि १९९२मध्ये त्याची जागा आजही लागू असलेल्या कायद्याने घेतली. क्वीन्सलंडने १९९१पासून कुंपण सक्तीचे केले. न्यूझीलंडने त्याआधीच, १९८७मध्ये, स्वतंत्र कायदा केला होता. पुढे तो इमारत कायद्यात सामावला गेला आणि २०१७पासून दर तीन वर्षांनी तपासणी करण्याची पद्धत देशभर सुरू झाली. मात्र पहिल्या पिढीच्या कायद्यांत सवलती फार होत्या. न्यू साउथ वेल्समध्ये १ ऑगस्ट १९९०पूर्वी बांधलेल्या तलावांना घराची भिंत हीच चौथी बाजू मानण्याची मुभा राहिली. अट एवढीच, की त्या भिंतीतली दारे मुलांना उघडता येऊ नयेत. कागदावर हे चालते. रोजच्या वापरात दहा वेळा ये-जा होणारे दार कधीतरी उघडे राहते. नंतर बांधलेल्या नेहमीच्या घरगुती तलावांना घर आणि पाणी यांच्यामध्ये कुंपण अनिवार्य झाले.

दुसरी उणीव अंमलबजावणीची होती. तलाव बांधताना एकदा दाखला मिळाला की नंतर कुणी फिरकत नसे. पंधरा वर्षांनी बिजागऱ्या गंजलेल्या, वेली चढलेल्या, कुंपणाशेजारी नवा ओटा बांधलेला अशी स्थिती होई. न्यू साउथ वेल्सने २०१३मध्ये सर्व घरगुती तलावांची नोंदणी सक्तीची केली आणि एप्रिल २०१६पासून तलाव असलेले घर विकताना वा भाड्याने देताना सुरक्षेचा दाखला जोडणे बंधनकारक केले. क्वीन्सलंडने नवे-जुने सगळे तलाव एकाच मानकाखाली आणण्यासाठी ३० नोव्हेंबर २०१५ ही मुदत दिली. व्हिक्टोरियात नोंदणीचे नियम १ डिसेंबर २०१९पासून लागू झाले. घराच्या व्यवहाराशी दाखला जोडण्याची युक्ती विशेष परिणामकारक आहे, कारण त्या क्षणी मालकाला खर्च करण्याचे कारण असते आणि तपासनिसाला आत येण्याचा हक्क मिळतो. सिडनी परिसरात भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा दाखला भाडेकरारासोबत मागता येतो. फाटक बंद ठेवणे आणि कुंपणाजवळ चढता येईल असे काही न ठेवणे ही मात्र राहणाऱ्याची जबाबदारी ठरते.

ऑस्ट्रेलियाच्या मानकातली मापे वरवर रूक्ष दिसतात, पण प्रत्येक आकड्यामागे लहान मुलाचे शरीर आहे. ३०० मिलिमीटरहून अधिक पाणी मावणारी कुठलीही पोहण्याची जागा तलाव मानली जाते. म्हणजे साधारण एक फूट. कुंपणाची उंची किमान १२०० मिलिमीटर हवी. उभ्या गजांमधले अंतर आणि जमिनीपासूनची फट १०० मिलिमीटरहून जास्त चालत नाही, कारण त्यातून मुलाचे अंग सरकता कामा नये. आडव्या पट्ट्या असल्या तर त्या एकमेकींपासून किमान ९०० मिलिमीटर दूर हव्यात. जवळजवळ असल्या की त्यांची शिडी होते. याच कारणासाठी कुंपणाच्या वरच्या भागाभोवती ९०० मिलिमीटरचा पट्टा चढण्याजोग्या वस्तूंपासून मोकळा ठेवावा लागतो. झाडाची कुंडी, बार्बेक्यूची शेगडी, पंपाची पेटी, आंब्याची खाली आलेली फांदी हे सगळे त्यात मोजले जाते. शेजाऱ्याच्या हद्दीवरची भिंत तलावाचे कुंपण म्हणून धरायची असेल, तर ती तलावाच्या बाजूने १८०० मिलिमीटर उंच लागते, कारण पलीकडे शेजारी काय ठेवील यावर कुणाचा ताबा नसतो.

अमेरिकेतली मार्गदर्शक मापे जवळपास हीच आहेत: ४८ इंच उंची, ४ इंचांहून कमी फट, साखळी जाळीची छिद्रे पावणेदोन इंचांपेक्षा मोठी नकोत. जाळीचे छिद्र मोठे झाले की त्यात पायाचा अंगठा अडकवून मूल वर चढते.

एवढी मापे पाळलेले कुंपणही फाटकावर हरू शकते. फाटक तलावाकडून बाहेरच्या दिशेने उघडावे लागते. कडी नीट लागलेली नसली तरी बाहेरून ढकलणाऱ्या मुलाच्या जोराने ते उघडण्याऐवजी मिटते. कडीची उघडण्याची कळ जमिनीपासून १५०० मिलिमीटरवर असावी किंवा आतल्या बाजूला आडोशाने झाकलेली असावी. अमेरिकेत हीच उंची ५४ इंच आहे. फाटक कुठल्याही स्थितीतून आपोआप बंद झाले पाहिजे आणि कडी आपोआप लागली पाहिजे. तपासणीत याची कसोटी साधी असते. फाटक पूर्ण उघडून सोडायचे, मग अर्धे उघडून, आणि शेवटी बोटभर उघडून. तिन्ही वेळा कडीचा खटका ऐकू आला पाहिजे. बोटभर उघडलेल्या फाटकाला वेग घ्यायला जागाच नसते, त्यामुळे बहुतेक फाटके याच तिसऱ्या फेरीत नापास होतात. कारणेही घरगुती असतात. मोठी मुले फाटकाला लोंबकळून झोके घेतात आणि बिजागरी खाली बसते. खांबाभोवतीची माती पावसाने खचते. स्प्रिंग सैल पडते. समुद्राजवळच्या हवेत कडीची जीभ गंजते आणि दोन-तीन मिलिमीटरने खाचेत बसायची राहते. फाटक लांबून बंद दिसते, हात लावला की उघडते. वाढदिवसाच्या दिवशी पाहुण्यांची ये-जा सोपी व्हावी म्हणून खाली विटेचा तुकडा सरकवला जातो, तेव्हा तर सर्व मापे एकदमच निरर्थक होतात.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. ३ जानेवारी २००३च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांच्या मालकांना चार साधनांतून एक निवडायला सांगितले: कुंपण, धोक्याची घंटा, सुरक्षा-आच्छादन किंवा तलावावरचा बंदिस्त मांडव. नव्या तलावांना हे २००४पासून आणि जुन्यांना २००६पासून लागू झाले. दंडाची कमाल मर्यादा ४५,००० युरो आहे. निवडीमुळे विरोध कमी झाला, पण चारही साधने समान तोलाची नाहीत. मूल पाण्यात पडल्याच्या लाटेने वाजणारी घंटा अपघात झाल्यावरच वाजते. ऐकणारा जवळ असावा, त्याने धावावे आणि पुढे काय करायचे ते त्याला ठाऊक असावे, या तीन गोष्टी जुळल्या तरच तिचा उपयोग. बाजारातल्या घंटांच्या दर्जाविषयी तक्रारी झाल्यावर २००९मध्ये सरकारला त्यांचे निकष कडक करावे लागले. जमिनीवर उभारायचे आणि फुगवायचे तलाव या कायद्याबाहेर राहिले, ही त्याची मोठी पोकळी आहे.

अमेरिकेत घरगुती तलावांच्या कुंपणाचा राष्ट्रीय कायदा नाही. राज्ये, काउंटी आणि शहरे आपापले नियम करतात. फ्लोरिडाने २०००मध्ये एक साधन सक्तीचे केले. त्यात घराच्या दारावरची घंटाही चालते, आणि रोज वाजून कंटाळा आला की ती बंद करून टाकण्याचा मोह कुणालाही होतो. कॅलिफोर्नियाने २०१८पासून नव्या वा दुरुस्त होणाऱ्या तलावांसाठी सातपैकी दोन साधने मागितली. एक निकामी झाले तर दुसरे असावे, हा त्यामागचा विचार पक्का आहे.

आच्छादनांच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. पाणी गरम ठेवण्यासाठी पसरलेली बुडबुड्यांची प्लास्टिक चादर ही सुरक्षा-आच्छादन नव्हे. तिच्यावर पाय पडला की ती खचते आणि मुलाला गुंडाळून घेते, शिवाय वरून काही दिसतही नाही. सुरक्षा-आच्छादन काठाला घट्ट बांधलेले असते आणि मोठ्या माणसाचे वजन पेलते. पोहायला शिकवण्याचाही फायदा होतो. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये रीतसर शिकवणीमुळे बुडण्याचा धोका कमी झाल्याचे २००९च्या अमेरिकन अभ्यासात आढळले. पण कपड्यांसकट, अचानक, थंड पाण्यात पडलेले तीन वर्षांचे मूल शिकवणीतल्यासारखे वागेल अशी खात्री कुणी देत नाही. शिकवणी झाली म्हणून कुंपण काढण्याची शिफारस म्हणूनच कुठेही केलेली नाही.

कुंपणाच्या आतही धोके उरतात. तळाच्या निचरा जाळीतून पंप पाणी ओढतो. जाळी तुटलेली वा सपाट असेल आणि निचरा एकच असेल, तर केस, हातपाय किंवा पोट तिथे चिकटते आणि मोठ्या माणसालाही ते सोडवता येत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रॅम बेकर २००२मध्ये गरम पाण्याच्या टबात अशीच अडकून मरण पावली. तिच्या आईने केलेल्या पाठपुराव्यातून २००७ साली तिच्याच नावाचा कायदा झाला आणि फुगीर, न अडकवणाऱ्या जाळ्या व सार्वजनिक तलावांत पंप आपोआप बंद करणारी साधने यांचे नियम आले. घरगुती तलावातही दोन निचरे एकमेकांपासून किमान तीन फूट दूर ठेवले, तर एक झाकला गेला तरी ओढ दुसऱ्याकडे जाते. पाण्यातले दिवे आणि पंप यांचे अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण) हा विषय इलेक्ट्रिशियनवर सोडून चालत नाही. ईएलसीबीचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहणे घरमालकालाही जमते. उथळ पाण्यात सूर मारल्याने मानेचा मणका मोडतो. यासाठी काठावर खोलीचे आकडे ठळक रंगवलेले हवेत. क्लोरीनची पावडर आणि आम्ल एकाच कपाटात ठेवू नये. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांत तलावाजवळ श्वास आणि छातीदाब देण्याच्या पद्धतीचा फलक लावणे सक्तीचे आहे.

महाराष्ट्रात खासगी तलावांसाठी असा स्वतंत्र कुंपण-कायदा नाही, आणि देशपातळीवरही नाही. पाण्याभोवती कठडा हवा ही समज मात्र जुनी आहे. गावातल्या विहिरीला कठडा नसला तर लोक नावे ठेवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये उघड्या बोअरवेलभोवती काटेरी तारेचे कुंपण आणि फलक लावण्याचे निर्देश दिले ते बोअरवेलमध्ये पडणाऱ्या मुलांमुळेच. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचा धोका तर वेगळाच आहे. निसरड्या उतारावरून पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही, म्हणून तारेच्या कुंपणाबरोबर काठाला बांधलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब तिथे लागते.

पुणे, ठाणे, मुंबईतल्या गृहसंकुलांच्या तलावांवर निदान ठरलेल्या वेळा आणि जीवरक्षक असतात. तिथला कच्चा दुवा म्हणजे वेळ संपल्यावर उघडे राहणारे फाटक, आणि मोठ्या तलावाला लागूनच, मध्ये काहीही आडोसा नसलेला मुलांचा उथळ तलाव. लोणावळा, कर्जत, अलिबाग आणि गोव्यातल्या भाड्याच्या बंगल्यांत परिस्थिती अधिक बिकट आहे. दिवाणखान्याचा सरकता दरवाजा थेट पाण्यावर उघडणे हेच तिथल्या जाहिरातीतले आकर्षण असते. जागा मुलाला अनोळखी, मोठी माणसे रात्री उशिरापर्यंत गप्पांत, आणि सकाळी सगळ्यांत आधी जागे होते ते तीन वर्षांचे मूल. इथे चौथी बाजूच नाही. काढता-घालता येणारे, सव्वा मीटर उंचीचे जाळीचे कुंपण फरशीत खुंट्या बसवून उभे करता येते आणि फोटो काढायचे असतील तेव्हा गुंडाळताही येते. सरकत्या दरवाजाला मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर खिटी बसवायला सुतार अर्धा तास घेतो. बुकिंग करतानाच कुंपण आहे का, असे विचारणारे पाहुणे वाढले तर मालक ते बसवतील.

पावसाळ्यात बंगले रिकामे राहतात तेव्हा तलाव उपसून ठेवतात, आणि पाणी नाही म्हणून फाटक, जाळी, खिटी सगळेच सैल सोडले जाते. माळ्याचे कुटुंब मात्र त्याच आवारात राहते. लोणावळ्यात जुलैमध्ये एका दिवसात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणे नवीन नाही. उपसलेल्या तलावाचा निचरा पाल्यापाचोळ्याने तुंबला, तर ऑस्ट्रेलियाच्या मानकातली ३०० मिलिमीटरची मर्यादा दोन दिवसांत ओलांडली जाते. वर हिरवट पाणी, खाली शेवाळलेल्या फरशा असा तो तलाव भरलेल्या तलावापेक्षा निसरडा असतो आणि त्यात पडलेले काही वरून दिसत नाही. त्यामुळे कुंपण उभे ठेवायचे ते वर्षभर, आणि निचऱ्याची जाळी पावसाच्या दिवसांत रोज हाताने मोकळी करायची.